बीए, बीकॉम, बीएस्सी एकत्र बसवून एआय शिकवायचंय. काय शिकवू?

सुरंगीचा_वळेसर (मंगळवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या कडेला असलेल्या एका छोट्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. परवा प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, एआयचा मायनर सुरू करायचाय. तिन्ही शाखांच्या मुलांना घेता येईल असा. महिनाअखेर आराखडा द्या." ज्यांचा कॉलेजशी संबंध तुटलाय त्यांच्यासाठी सांगते, मायनर म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणातला जोडविषय, अठरा-वीस क्रेडिटचा. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३०.

एका रात्रीत आराखडा केला. आधी पायथन (प्रोग्रॅम लिहायची भाषा), मग संख्याशास्त्र, मग मशीन लर्निंग (उदाहरणांवरून यंत्राला शिकवणं), शेवटी प्रोजेक्ट. स्टाफरूममध्ये इतिहासाच्या सरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला नि म्हणाले, "यात माझं काय? माझी मुलं तुमच्याकडे पाहुणी म्हणून येणार आणि नापास होऊन परत जाणार."

तेव्हापासून डोकं फिरलंय, कारण त्यांचं बरोबर आहे. एका वर्गात तीन शाखा बसवल्या म्हणजे अभ्यासक्रम आंतरविद्याशाखीय होत नाही. मग कशाने होतो? शिकवणारे, शिकणारे, नोकरी देणारे, सगळ्यांनी लिहा. मॅथ्स दहावीला सोडलेली मुलं वर्गात असणार, एवढं धरून चाला.

बांगडा_फ्राय (मंगळवार, रात्री ९.५२)

'आंतरविद्याशाखीय' न अडखळता तीनदा म्हणेल त्याला दोन क्रेडिट देऊन टाका. उरले अठरा.

कोडकुळीथ (मंगळवार, रात्री १०.३०)

मूळ राजापूरचा, सध्या पुण्यात. बारा वर्षं एआयचंच काम करतोय, म्हणून स्पष्ट लिहितो. रागावू नका.

मॅट्रिक्स, संभाव्यता आणि थोडं कॅल्क्युलस, हे नसेल तर तो एआयचा कोर्स नाही. तो चॅटजीपीटीला प्रश्न कसे विचारावेत याचा कोर्स होतो आणि त्याला वीस क्रेडिट लागत नाहीत, एक दुपार पुरते. मी मुलाखती घेतो. 'एआय स्पेशलायझेशन' लिहिलेली मुलं येतात. विचारलं की मॉडेल (डेटावरून शिकवलेला प्रोग्रॅम) चुकलं हे तुला कसं कळलं, तर समोरचा पंख्याकडे बघतो. तुमचा पहिला आराखडा होता तसाच ठेवा. ज्याला झेपेल तो येईल.

गजाली_मास्तर (बुधवार, सकाळी ७.१५)

कोडकुळीथ, सकाळी उठून चहाआधी तुमचा प्रतिसाद वाचला. चहा गार झाला.

मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक. यंत्रातलं काही कळत नाही, पण इतिहास वाचलाय. १९५६ साली डार्टमथला ज्या उन्हाळी बैठकीत या विषयाचं बारसं झालं, तिथे लॉजिक थिअरिस्ट हा प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम घेऊन गेलेल्यांतला हर्बर्ट सायमन राज्यशास्त्राचा माणूस होता. पुढे १९७८ला त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. परसेप्ट्रॉन, म्हणजे मेंदूच्या पेशींवरून सुचलेलं सुरुवातीचं शिकणारं यंत्र, काढणारा रोझेनब्लाट मानसशास्त्रज्ञ. २०२४ला पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालेल्या हिंटनची पहिली पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची. त्याच साली रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांत हसाबिस होता, एआय वापरून प्रथिनांच्या घडीचं कोडं सोडवल्याबद्दल.

म्हणजे या घरात बीए वाले पाहुणे नव्हेत. कुळं तीच, सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्यांचं लागलं.

बांगडा_फ्राय (बुधवार, सकाळी ७.४०)

मास्तर, सातबारा आणि कुळं कोकणात एका वाक्यात आणू नका. इथून पुढे शंभर प्रतिसाद त्याच्यावर येतील.

कोडकुळीथ (बुधवार, सकाळी ९.०५)

@गजाली_मास्तर, हिंटनला मानसशास्त्र येत होतं म्हणून गणित येत नव्हतं असं नाही ना? तुमची यादी माझ्याच बाजूची आहे.

पण एक कबूल करतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 'कॉम्प्युटर सायन्स अधिक अमुक' अशा पदव्या चालतात. अधिक भाषाशास्त्र, अधिक मानववंशशास्त्र, अधिक पीकशास्त्रसुद्धा. त्या टिकल्या. स्टॅनफर्डने २०१४ला असाच प्रयोग केला, इंग्रजी किंवा संगीताबरोबर जोडपदवी, आणि पाचेक वर्षांत गुंडाळला. माझ्या मते फरक इतकाच की जिथे दोन पूर्ण अभ्यासक्रम मुलाच्या डोक्यावर एकावर एक रचले तिथे मूल चेपलं. ताई, हे मात्र टाळा.

हापूसहट्टी (बुधवार, दुपारी २.२०)

मी बागायतदार. देवगड तालुका, साडेतीनशे कलमं. तुमच्या क्रेडिटचं मला काही कळत नाही, पण एआयने माझी पाचशे रुपयांची औषधाची बाटली फुकट घालवली ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याने मोबाइलवर एक ॲप घातलं. पानाचा फोटो काढा, रोग सांगतो म्हणे. काढला. ॲप म्हणालं करपा, ९२ टक्के खात्री. मी म्हटलं यंत्र आहे, खोटं कशाला बोलेल. फवारणी केली. नंतर शेजारचे आबा आले, पान हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला नि म्हणाले, "अरे, हे आधीच्या फवारणीने भाजलंय. डोस जास्त झाला तुझा." आबा चौथी पास.

तर माझा प्रश्न: तुमची मुलं शिकून आबांसारखी होणार की ॲपसारखी?

कोडकुळीथ (बुधवार, दुपारी ३.४५)

हापूसहट्टी, हा नेहमीचा खड्डा आहे. प्लांटव्हिलेज नावाचा एक गाजलेला फोटोसंच आहे. ५४ हजारांवर पानांचे फोटो, १४ पिकं. २०१६ साली त्यावर शिकवलेल्या मॉडेलने त्याच संचातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ९९ टक्क्यांच्या वर अचूकता दाखवली. बाहेरून आणलेले फोटो दिले तर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. कारण संचातले फोटो एकेक पान तोडून, एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. बागेत पान वाऱ्यावर हलतं, मागे दुसरं पान, त्यावर ऊन, त्यावर तुमचा अंगठा.

आणि हो, त्या १४ पिकांत आंबा नाहीच.

मेल्या_थांब (बुधवार, दुपारी ४.१०)

आंबो नाय? मगे ता शास्त्र कसला?

सुरंगीचा_वळेसर (बुधवार, संध्याकाळी ६.३०)

हापूसहट्टी, त्या ९२ टक्क्यांबद्दल थोडं लिहिते, कारण माझा विषयच तो.

समजा शंभर पानांत पाचच रोगट आहेत. मी एक मॉडेल बनवलं जे डोळे मिटून प्रत्येक पानाला 'निरोगी' म्हणतं. त्याची अचूकता ९५ टक्के. रोगट एकही सापडलं नाही, तरी ९५! म्हणून विचारायचं असतं की रोगटांपैकी किती पकडलीस, आणि रोगट म्हटलेल्यांपैकी खरंच किती रोगट निघाली. हे दोन प्रश्न कळायला मॅट्रिक्स लागत नाही, त्रैराशिक पुरतं. बीकॉमच्या पोरांना तर बुडीत उधारीच्या उदाहरणाने दोन मिनिटांत कळेल.

दुसरी फसगत माझ्या एका विद्यार्थिनीने केली होती. एकाच झाडाचे वीस फोटो काढले, दहा शिकवायला वापरले, दहा तपासायला. निकाल अप्रतिम. मॉडेल रोग नव्हे, ते झाड ओळखायला शिकलं होतं.

पण आबांच्या प्रश्नाने मला खरं अडकवलंय. ॲप ज्या फोटोंवरून शिकलं त्यांवर 'करपा' अशी चिठ्ठी मुळात लावली कोणी? आबांना विचारून लावली होती का?

बांगडा_फ्राय (बुधवार, संध्याकाळी ६.४८)

चुकीची चिठ्ठी म्हणजे काय हे शिकवायला लॅब कशाला हवी? एप्रिलमध्ये मुलांना हायवेच्या स्टॉलवर न्या. पेटीवर देवगड, आत कर्नाटक.

हापूसहट्टी (बुधवार, संध्याकाळी ७.०२)

बांगड्या, दुखऱ्या नसेवर पाय दिलास. २०१८ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आम्ही नोंदणी केली, कागद रंगवले. पेट्या अजून तशाच विकल्या जातात.

शिवाय साका. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट स्पंज. फोटोत काय डोंबल दिसणार? मुलांना हेही शिकवा की काही गोष्टी कॅमेऱ्याला दिसतच नाहीत.

मेल्या_थांब (बुधवार, रात्री ९.१५)

गाववाल्यानू, माझा पण आयका. माझी आजी मोबायलाशी बोलता. मराठी बोलूचा बटन दाबून म्हणता, "आज पावस खंय पडतलो?" आणि तो मेलो लिहिता, "आज पाऊस काय पडला". आजी म्हणता, ह्येका कान नाय, नुसती जीभ असा.

इंग्लिशीत बोला, आयकता. पुण्याची मराठी बोला, आयकता. आमचा मालवणी कोण शिकवतलो त्येका? तुमच्या पोरांक सांगा, माझ्या आजयेक शिष्य होया.

गजाली_मास्तर (बुधवार, रात्री १०.००)

मेल्या_थांब यांनी गंमतीत अख्खा पेपर सेट केला.

बघा, आजीचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, पुढे? ते लिहायचं कसं? 'आजयेक' की 'आजीयेक'? सावंतवाडीचं मालवणी, मालवणचं, राजापूरकडचं, प्रत्येक ठिकाणी वळण बदलतं. शब्द तोडायचे कुठे? हसणं, थांबणं, 'गे बाये' लिहायचं का? हा प्रश्न संगणकवाल्याला पडतच नाही, तो फाइल मागतो. हा व्याकरणाचा, बोलीविज्ञानाचा प्रश्न, आणि याचं उत्तर बीए मराठीचा विद्यार्थी देईल. भारत सरकारचं भाषिणी हे भाषांतराचं व्यासपीठ २०२२पासून चालू आहे, आयआयटी मद्रासचा एआयफॉरभारत गट भारतीय भाषांवर चांगलं काम करतो. पण आजीच्या ओटीवर बसून तिचं 'खंय' (म्हणजे 'कुठे') ऐकणारा माणूस गावातलाच लागणार.

आणि आजीची परवानगी. २०२३चा वैयक्तिक डेटाचा कायदा मुलांनी वाचावाच, पण आजीला "हा तुझा आवाज आम्ही कुठे नेणार" हे तिच्या भाषेत सांगून दाखवावं. त्याला मार्क ठेवा. मी असतो तर दहापैकी सहा त्यालाच दिले असते.

खाडीपलीकडे (गुरुवार, सकाळी ११.२०)

सगळं छान चाललंय, थोडं गार पाणी ओततो. मी सात वर्षं एका कॉलेजचा उपप्राचार्य होतो.

या तासांचा वर्कलोड कोणाच्या नावावर? दोन शिक्षक एका वर्गात उभे राहिले तर तास दोघांना अर्धा-अर्धा धरणार की एकालाच? इतिहासाचे सर मायनरला तास देतील, पण त्यांच्या विभागाचा वर्कलोड घटला तर पद जाईल ही भीती त्यांना आहे आणि ती खोटी नाही. वेळापत्रकात तिन्ही शाखांना मोकळा असा तास तुमच्याकडे आहे का? आमच्याकडे एकच होता, शनिवारी साडेअकराचा, आणि तेव्हा एसटी सुटायची.

आमच्या संस्थेने यावर उपाय काय काढला? बाहेरची एजन्सी आणली. 'एआय लॅब', निळे दिवे, फीत कापली, मुलांना सर्टिफिकेट. एजन्सीचा मुलगा मुंबईहून ऑनलाइन शिकवायचा, जुलैत नेट गेलं की कोर्स बंद. अभ्यासक्रम लिहिण्याआधी या प्रश्नांची उत्तरं प्राचार्यांकडून लेखी घ्या.

टीवायवाली (गुरुवार, दुपारी १.३५)

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी टीवायबीकॉम. आमच्याकडे एआयचं सर्टिफिकेट झालंय, वरच्या काकांनी लिहिलंय तसंच.

१. लॅपटॉप नसतो. तिघींत एक होता. कोलॅब (ब्राउझरमध्ये पायथन लिहायची गुगलची सोय) मोबाइलवर उघडतं पण बोटांनी कोड लिहून बघा एकदा.
२. उदाहरणं सगळी बाहेरची. टायटॅनिक जहाजातले कोण वाचले, अमेरिकेतल्या घरांच्या किमती. माझ्या बाबांची होडी आहे. बुडालेल्या जहाजाचा डेटा मी घरी कसा दाखवू?
३. मॅथ्सची भीती वाटते हे खरं. पण मॅडमनी वर लिहिलेलं, शंभरात पाच रोगट पानांचं उदाहरण मला कळलं. आमच्या कोर्समध्ये ते फॉर्म्युल्याने आलं होतं आणि मी पाठ करून आले.

कोडकुळीथ (गुरुवार, दुपारी २.१०)

टीवायवाली, दुसरा मुद्दा वाचून हसलो, मग वाईट वाटलं. टायटॅनिक मीही शिकवलंय लोकांना.

ऑरेंज म्हणून एक फुकट साधन आहे, लुब्लियाना विद्यापीठाचं. कोड न लिहिता ठोकळे जोडायचे. लॅबमधल्या जुन्या संगणकावरही चालतं, एकदा बसवलं की नेट लागत नाही. पहिलं वर्ष त्यावर काढा. पायथन दुसऱ्या वर्षी, ज्यांना हवं त्यांना. (हे मी लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाहीये.)

वशिष्ठीकाठ (गुरुवार, रात्री ८.५०)

चिपळूणहून. बाजारपेठेत दुकान होतं, आहे.

२२ जुलै २०२१. पाणी चढताना मी वरच्या मजल्यावरून माझीच तिजोरी तरंगताना बघितली. ते असो. मुद्दा पुढचा. पुरानंतर शहरात पूररेषांवरून मोठा वाद झाला. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १००तून एकदा. आमच्याकडे भलेभले म्हणायचे, २००५ला येऊन गेला ना, आता पंचवीस वर्षं निवांत. सोळाव्या वर्षी घर भरलं.

पूर का आला यावरही प्रत्येकाचं वेगळं. कोणी पावसाला दोष देतो, कोणी गाळाला, कोणी भरतीला, कोणी कोयनेच्या अवजलाला, म्हणजे वीज करून नदीत सोडलेल्या पाण्याला. प्रत्येकाकडे एकच आकडा, स्वतःच्या सोयीचा. तुमच्या मुलांनी हे सगळे आकडे एका कागदावर आणून दाखवले तरी कोर्स वसूल. दुकानांच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा अजून आहेत, काहींनी तारीख घालून ठेवल्यात. कोणी येऊन मोजल्या नाहीत. रंग लावला की गेल्या.

सुरंगीचा_वळेसर (गुरुवार, रात्री १०.४०)

वशिष्ठीकाठ, वाचून काही वेळ गप्प बसले.

२५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी चार टक्के. चार वर्षांची पदवी धरली तर त्या काळात एकदा तरी पाणी निळ्या रेषेला लागण्याची शक्यता साधारण १५ टक्के निघते. गेल्या वर्षी आला असला तरी तेवढीच. हे मी दरवर्षी नाण्यांवर शिकवते, मुलं दरवर्षी विसरतात. भिंतीवरच्या खुणेसमोर उभं करून शिकवलं तर विसरणार नाहीत.

आणि खुणा मोजायला इतिहासाचे सर. तोंडी साक्षी कशा घ्यायच्या, दोन दुकानदारांचं जुळत नसेल तर काय करायचं, हे त्यांचं रोजचं काम.

कातळपाय (शुक्रवार, सकाळी ८.३०)

कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं, विसरू नका! सड्यावर पावसाआधी गवत जळतं तेव्हा चित्रं उघडी पडतात, ड्रोनने फोटो काढून यंत्राला रेषा शोधायला लावता येतील. २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. फक्त सापडलेल्या नव्या जागेचं लोकेशन नेटवर टाकायचं की नाही हा धडा आधी. जांभ्याची खाण दोन दिवसांत चित्र गिळते.

बांगडा_फ्राय (शुक्रवार, सकाळी ९.१५)

एकदाच गंभीर होतो, सवय नाही. फिशरीजचा पदवीधर आहे.

हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, मासेमारीसाठी रोज सल्ला देतं, मासे कुठे मिळण्याची शक्यता जास्त ते. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य बघतात. जिथे दोन्हींत ठळक फरक दिसतो तिथे खाद्य, खाद्य तिथे बांगडा. ढग आले की उपग्रह आंधळा. यात भौतिकशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे. आता बीकॉमचा प्रश्न: सगळ्या होड्यांना एकच जागा सांगितली तर डिझेल जाळून तिथे पोहोचल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला काय? आणि त्याच संध्याकाळी बंदरावर दर किती पडेल? बीएचा प्रश्न: रापण ओढणाऱ्याला त्या सल्ल्याचा काय उपयोग, तो तर किनाऱ्यावरूनच ओढतो. पर्ससीनवाल्याचाच, म्हणजे खोल समुद्रात मोठं जाळं टाकणाऱ्याचाच फायदा.

टीवायवाली, तुझ्या बाबांना विचार ते मेसेज वाचतात का.

टीवायवाली (शुक्रवार, सकाळी ११.००)

विचारलं. म्हणाले, "वाचतो. मग पाण्याचा रंग बघतो. मग ठरवतो."

हापूसहट्टी (शुक्रवार, दुपारी ३.००)

मॅडम, एक अडाणी शंका. तुमची सेमिस्टरं कधी असतात? कारण मुलांना मोहोर दाखवायचा तर डिसेंबर-जानेवारी. तुम्ही ऑगस्टमध्ये आंब्याचा धडा ठेवलात तर मी त्यांना काय पालवी दाखवू? आणि मे महिन्यात आलात तर मला बोलायला वेळ नाही.

सुरंगीचा_वळेसर (रविवार, रात्री ९.१०)

हापूसहट्टी, तुमच्या शंकेने माझा आराखडा फाडला. दोन दिवस नवा करत होते.

आमचं विषम सत्र पावसात सुरू होतं आणि दिवाळीपर्यंत चालतं. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, नारळी पौर्णिमेला होड्या बाहेर पडतात. सम सत्रात थंडी, मोहोर, मग आंबा. म्हणजे वेळापत्रक निसर्गाने आखूनच दिलंय. विषम सत्रांत पाऊस, पूर, मासळी. सम सत्रांत बाग. आजीचं बोलणं पावसाळ्यातच, तेव्हा ती घरी असते आणि गप्पांना मोकळी. पायथन, ऑरेंज, संभाव्यता हे वेगळे पेपर नाहीत. ज्या सत्रात ज्याची गरज पडेल तिथे ते येतील. मॅट्रिक्स तिसऱ्या वर्षी, पुढे जाणाऱ्यांसाठी. (कोडकुळीथ, तेवढं ठेवलंय.)

प्रत्येक गटात तिन्ही शाखांचा एकेक. चिठ्ठी कोण लावणार हे गटाने आधी लिहून द्यायचं, म्हणजे कोणत्या माणसाला विचारून 'करपा' म्हणणार ते. तोंडी परीक्षेला एक परीक्षक बाहेरचा: बागायतदार, होडीवाला किंवा दुकानदार. तो मार्क देणार नाही, प्रश्न विचारणार.

वर्कलोडचं अर्धंच सुटलंय. दोन शिक्षकांचे तास जोडून धरायला प्राचार्य तोंडी तयार आहेत, लेखी मागितलं तर "बघू" म्हणाले. वेळ शनिवारी सकाळी आठचा, एसटीच्या आधी. इतिहासाच्या सरांनी आराखडा परत वाचला, पेन काढून 'पायथन' शब्दाला गोल केला आणि विचारलं, "हे मला कोण शिकवणार?" मी म्हटलं, टीवायची पोरं.

कोडकुळीथ (रविवार, रात्री ९.४५)

तिसऱ्या वर्षी मॅट्रिक्स म्हणजे उशीरच, हे माझं मत कायम. पण शनिवारी आठला महिन्यातून एकदा मी ऑनलाइन येईन. नेट गेलं तर पुढच्या महिन्यात दोनदा.

मेल्या_थांब (रविवार, रात्री १०.०५)

आजी तयार असा. फी म्हणान पानसुपारी.

हापूसहट्टी (सोमवार, सकाळी ६.५०)

परीक्षक म्हणून मला नको, आबांना बोलवा. मी आणून सोडतो.

मुलांना जानेवारीत पाठवा, दहा-दहाच्या गटाने. सकाळी नऊनंतर, दव सुकल्यावर. यायच्या आधी दोन दिवस फोन करा, कारण फवारणी झालेली असली तर आत सोडणार नाही. आणि पानं तोडून पांढऱ्या कागदावर ठेवायची नाहीत, झाडावरच फोटो काढायचे. पान तोडलेलं मला चालत नाही.

बांगडा_फ्राय (सोमवार, सकाळी ७.१०)

अंगठ्यासकट?

हापूसहट्टी (सोमवार, सकाळी ७.१२)

अंगठ्यासकट.